जाकिटाआधी सुकाणू

18 डिसेंबर 2024 रोजी दुपारी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान नौका आदळली. त्या नौकेच्या इंजिनाची चाचणी चालू असताना तिच्यावरील नियंत्रण सुटले होते. या अपघातात पंधरा जणांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर लगोलग प्रवाशांना जीवरक्षक जाकीट सक्तीचे करण्यात आले. उपाय योग्यच होता; परंतु तेवढ्याने काम भागले असे मानणे धोक्याचे आहे. जाकीट उपयोगी पडते ते माणूस पाण्यात पडल्यानंतर. तो पाण्यात पडू नये, ही जबाबदारी सुकाणूवरील हाताची असते. आणि नेमका त्या हाताचाच विचार सर्वांत शेवटी होतो.

हा प्रश्न केवळ गेटवेवर येणाऱ्या पर्यटकांचा नाही. गोवंडीच्या पूर्वेला, देवनारच्या कचराभूमीपलीकडे, ठाण्याची खाडी आहे. दक्षिणेला ट्रॉम्बेचा कोळीवाडा आहे. ही खाडी पुढे मुंबई बंदरात मिसळते. त्याच पाण्यात कोळ्यांच्या होड्या असतात, जवाहर द्वीपाकडे येणारी तेलवाहू जहाजे असतात, नौदलाच्या नौका व सहलीच्या लाँचेस असतात. 2022 मध्ये बेलापूरहून वॉटर टॅक्सीही सुरू करण्यात आली. रस्त्याला दुभाजक असतो, चौकात सिग्नल असतो. पाण्यावर यांपैकी फारसे काही नसते. तेथे चालकाचे ज्ञान व संयम हेच सिग्नल होत.

मोटार चालवता येणाऱ्यास बोटही चालवता येईल, हा समज मुळात चुकीचा आहे. बोटीला ब्रेक नसतो. मोटारीचे पुढचे चाक वळते आणि मागचा भाग त्यामागे येतो; बोटीचे सुकाणू वळवताच तिचा मागचा भाग विरुद्ध दिशेला बाहेर फेकला जातो. म्हणून धक्क्याला लागताना किंवा दुसऱ्या होडीजवळून जाताना नवखा चालक पुढे पाहतो आणि मागे आपटतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मागे जोडलेल्या इंजिनाच्या छोट्या बोटीत पंख्याचा जोर हीच वळण्याची शक्ती असते. घाबरून इंजिन एकदम बंद केले, तर वेग काही काळ उरतो, पण वळण्याची क्षमता बहुतांशी जाते. वीस नॉट वेगाची बोट दहा सेकंदांत सुमारे शंभर मीटर अंतर कापते. आणि वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते.

माणूस उजवीकडे पाण्यात पडला, तर सुकाणू उजवीकडेच वळवावे लागते. तरच पंखा त्याच्यापासून दूर जातो. चालक स्वतः फेकला गेल्यास इंजिन बंद पडावे, म्हणून वेगवान बोटीत एक दोरी त्याच्या मनगटाला किंवा पायाला बांधायची असते. समुद्रावरील टक्कर टाळण्याचे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात की, दोन यांत्रिक नौका समोरासमोर आल्यास दोघींनी आपापल्या उजवीकडे वळावे. वाटा एकमेकींना छेदत असतील, तर जिच्या उजव्या हाताला दुसरी नौका आहे तिने वाट द्यावी. रस्त्यावर डावीकडून जाण्याची सवय असलेल्या हाताला हे मुद्दाम शिकवावे लागते. पाण्याखालचा तळही ओळखावा लागतो. 24 ऑक्टोबर 2018 रोजी शिवस्मारकाच्या जागेकडे निघालेली स्पीडबोट खडकावर आदळून बुडाली आणि एकाचा मृत्यू झाला. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार मीटरहून अधिक फरक पडणाऱ्या या किनाऱ्यावर, सकाळी निर्धोक असलेली वाट दुपारी निर्धोक असेलच असे नाही.

मग हे ज्ञान सर्वत्र का रुजत नाही? याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. एक फेरी जास्त झाली, दहा माणसे अधिक बसली, तर त्याचा लाभ मालकाच्या हातात त्याच दिवशी पडतो. धोका मात्र प्रवाशांत, शेजारून जाणाऱ्या होडीत आणि सरकारी मदतकार्यात वाटला जातो. ‘नीलकमल’ला 84 प्रवासी व 6 कर्मचाऱ्यांचा परवाना होता; प्रत्यक्षात शंभराहून अधिक माणसे होती. टक्कर या गर्दीमुळे झाली नाही हे खरे; परंतु बुडत्या बोटीवर प्रत्येक जादा माणूस म्हणजे सुटकेची संधी कमी होणे. ज्याला नफा मिळतो त्यालाच धोक्याची किंमत मोजावी लागत नसेल, तर सुरक्षितता हा केवळ सद्भावनेचा विषय उरतो.

तेव्हा तीन गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात. चालकाचा परवाना कागदावरील उत्तरांवर न देता भरतीच्या प्रवाहात, वर्दळीत आणि इंजिन बंद पडल्याच्या प्रसंगात बोट हाताळून दाखवल्यावरच द्यावा. विम्याचा हप्ता फेऱ्यांच्या नोंदी व चालकाच्या शिक्षणाशी जोडावा, म्हणजे निष्काळजीपणा महाग पडेल. आणि वेगवान नौकांच्या चाचण्या, त्या कोणाच्याही असोत, प्रवासी मार्गापासून दूर राखून ठेवलेल्या पाण्यातच घ्याव्यात. पिढ्यान्‌पिढ्या ही खाडी ओळखणारे तांडेल ट्रॉम्बेसारख्या कोळीवाड्यांत आहेत; शिक्षक म्हणून त्यांना मानधन देऊन बोलावणे सरकारला जड जाऊ नये.

जाकिटे विकत घेणे सोपे असते, कारण ती मोजता येतात. शहाणा हात तयार करण्यास वेळ व पैसा लागतो आणि त्याचे यश न झालेल्या अपघातांतच असते. ते कोणत्याही अहवालात दिसत नाही. पण म्हणूनच त्याची तरतूद आधी करावयास हवी.