भिंतीचे लोखंड मातीकडे हवे

कापडाच्या व्यापाऱ्याने भिंतीवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु भिवंडीत ज्याच्याकडे चार पैसे जमतात तो एक तर लूमचे शेड बांधतो, नाहीतर गोदाम. इथली जमीन कामवारी नदीच्या आणि खाडीच्या आसपासची, बरीचशी पूर्वीच्या भातशेतीची, म्हणजे सखल. तिच्यावर भराव टाकल्याशिवाय बांधकाम होत नाही. शिवाय ट्रकच्या फाळक्याशी गोदामाची जमीन बरोबर यावी, माल उचलायला सोपे जावे, म्हणून जोते तीन-चार फूट उंच घेतात. जागा उताराची असेल तर मागच्या अंगाला हाच भराव आठ-दहा फुटांचा होतो. तो धरून ठेवायला भिंत लागते. त्या भिंतीला आपण सर्रास "कंपाउंड वॉल" म्हणतो. साऱ्या फसवणुकीची सुरुवात या एका शब्दापासून होते असे आमचे मत आहे.

कंपाउंडची भिंत हद्द दाखवते, चोराला अडवते. तिच्या दोन्ही अंगांना हवा असते. संरक्षक भिंतीच्या एका अंगाला हवा आणि दुसऱ्या अंगाला हजारो मण माती, जी रात्रंदिवस तिच्यावर रेलून असते. या दोन भिंती दिसायला सारख्या, पण त्यांचे काम अगदी वेगळे. पहिलीचा दर देऊन दुसरीचे काम करून घेता येत नाही. तरी आपण तसे करतो, आणि ठेकेदारही "होऊन जाईल शेठ" म्हणतो.

अशाने काय होते ते 2019 च्या पावसाळ्यात सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. 29 जूनच्या पहाटे पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची आवारभिंत खाली बांधलेल्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. पंधरा जण गेले, त्यांत लहान मुलेही होती. बहुतेक बिहारहून पोटासाठी आलेली माणसे. तीन दिवसांनी, 2 जुलैला मध्यरात्रीनंतर, मालाडला पिंपरीपाड्यात महापालिकेच्या जलाशयाची आवारभिंत झोपड्यांवर पडली आणि मृतांचा आकडा तीसच्या आसपास गेला. त्याच रात्री खाडीपलीकडे आपल्या कल्याणात एका उर्दू शाळेची आवारभिंत पडून तिघांचा जीव गेला. तिन्ही ठिकाणी वेळ रात्रीची, मुसळधार पाऊस, आणि भिंतीच्या पायथ्याशी झोपलेली गरीब माणसे.

आता आमचीच गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. गेल्या वर्षी आम्ही आमच्या गोदामामागे नाल्याच्या बाजूला दहा फूट उंचीची काँक्रीटची भिंत बांधायला काढली. पाया झाला, वर गज बांधून तयार झाले. बांधणी इतकी नीटनेटकी की आम्ही खूश झालो. उभे गज एका रेषेत, आडवे सारख्या अंतरावर, प्रत्येक सांध्याला तारेची गाठ. जणू काही चांगल्या रीडचे कापड. दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीट भरायचे होते, मिक्सर ठरला होता. संध्याकाळी आमचा भाचा सहज आला. त्याने सिव्हिलचा डिप्लोमा केलेला आहे. त्याने एकच प्रश्न विचारला, "मामू, माती कुठल्या बाजूला येणार?" आम्ही गोदामाकडे बोट दाखवले. तो म्हणाला, "मग हे सगळे जाड गज चुकीच्या बाजूला आहेत."

ठेकेदार रागावला. म्हणाला, "शेठ, वीस वर्षे असेच बांधतोय, एक भिंत पडली नाही." खरे सांगायचे तर आमचे मन ठेकेदाराच्या बाजूचे होते. बांधलेले सोडायचे, मिक्सर परत पाठवायचा, वरून मजुरी द्यायची, हे कोणाला रुचेल? तेव्हा भाच्याने कापडावर खुणा करायचा आमचाच खडू उचलला. तो मुठीत दाबला तर फुटत नाही. दोन बोटांनी वाकवला की तटकन तुटतो. मग दुसऱ्या खडूच्या एका अंगाला त्याने पार्सलची चिकटपट्टी ताणून लावली. पट्टी बाहेरच्या, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या अंगाला ठेवून वाकवला तर खडू टिकला. पट्टी आतल्या अंगाला ठेवली, तर होता तसाच तुटला. पट्टी तीच, खडू तोच, फरक फक्त बाजूचा.

काँक्रीट म्हणजे हा खडू. दाब भरपूर सोसते. ताण सोसण्याची ताकद मात्र दाबाच्या सुमारे दहाव्या हिश्शाची. लोखंड घालायचे ते या ताणासाठी. माती भिंतीला बाहेर ढकलते तेव्हा भिंत वरून बाहेर झुकू पाहते आणि तिचे मातीकडचे अंग ताणले जाते, सगळ्यात जास्त अगदी मुळाशी. म्हणून मुख्य उभे गज मातीच्या अंगाला हवेत. बाहेरचे, आपल्याला दिसणारे अंग दाबाखाली असते. तिथे ऊन-थंडीने आणि काँक्रीट आवळल्याने भेगा पडू नयेत एवढ्यापुरती हलकी जाळी पुरते. आमच्या ठेकेदाराने बरोबर उलटे केले होते. जाड गज दिसणाऱ्या अंगाला, कारण तिकडून उभे राहून बांधायला सोपे.

यातली सर्वांत वाईट गोष्ट अशी, की भेग पडते तीही मातीच्याच अंगाला. ती गाडलेली असते. मालक बाहेरून गिलावा पाहतो, रंग पाहतो, सगळे ठीक दिसते. भिंत झुकलेली डोळ्यांना दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

लूमवाल्याला हे समजायला जड जाऊ नये. ओढ सोसतो तो ताना, आणि त्याला जागेवर धरून ठेवतो तो बाना. भिंतीतले उभे गज ताना, आडवे बाना. बान्यात सूट घेतली तर कापड विरळ होते. तान्यात कसर केली तर लूमच चालत नाही. (खिडकीच्या वर किंवा स्लॅबमध्ये हिशेब वेगळा असतो, तो इथे लावू नये.)

उभी भिंत एकटी उभी राहत नाही, तिला पाय लागतो. तो इंग्रजी उलट्या टी अक्षरासारखा असतो. पायाचा मातीखाली जाणारा भाग म्हणजे टाच, बाहेर डोकावणारा भाग म्हणजे पंजा. टाचेवर भरावाचे वजन बसते आणि तेच भिंतीला उलटू देत नाही. हे वजन टाचेला खाली वाकवते, म्हणून टाचेतले मुख्य गज वरच्या अंगाला. पंजाला खालची जमीन वर रेटते, म्हणून पंजातले मुख्य गज खालच्या अंगाला. भिंतीचे मातीकडचे उभे गज सरळ खाली पायात शिरून पंजाच्या दिशेने वळलेले असावेत, म्हणजे भिंत आणि पाय यांची पकड सुटत नाही. हे गज पायाचे काँक्रीट भरण्याआधीच उभे करावे लागतात. पाया भरून झाल्यावर ओल्या काँक्रीटमध्ये गज खोचणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. तशी भिंत म्हणजे वाळूत रोवलेली काठी.

गज आखूड पडला तर जोड द्यावा लागतो. तिथे दोन्ही गज पुरेसे लांब एकमेकांवर हवेत. साधारण वापरातल्या काँक्रीटमध्ये आजच्या पाचशे ग्रेडच्या बारा मिलिमीटर गजाला हे अंतर सुमारे सव्वादोन फूट येते, सोळाच्या गजाला तीन फूट. एक वीत जोड देऊन दोन गाठी मारणे म्हणजे तुटलेला धागा गाठ न मारता नुसता पिळून सोडणे. गज आणि माती यांच्यामध्ये दोनेक इंच काँक्रीटचे आवरण राहावे म्हणून ठोकळे लावतात. आपल्याकडे खाडीची खारी हवा आणि खारे पाणी आहे. आवरण कमी पडले की गज गंजतो, गंजून फुगतो आणि काँक्रीटला आतून फोडतो.

उंचीबद्दल एक हिशेब प्रत्येक मालकाने लक्षात ठेवावा. पाच फुटांची भिंत दहा फूट केली तर मुळाशी वाकवणारा जोर दुप्पट होत नाही, आठपट होतो. म्हणून "शेजाऱ्याने पाच फुटांना जे वापरले तेच आम्हालाही वापरा" असे सांगणे धोक्याचे आहे. वर गोदाम असेल, तर थप्पीचा आणि उभ्या ट्रेलरचा भारही मातीमार्फत भिंतीवर येतो. इंजिनियरला तो आधी सांगावा लागतो. गज किती जाडीचा आणि किती अंतरावर, हे आम्ही इथे मुद्दाम लिहीत नाही. ते ज्याच्या त्याच्या जागेवर आणि मातीवर आहे.

तरीही बहुतेक भिंतींना बुडवते ते पाणी. दहा फूट भिंतीमागे कोरडी, मोकळी माती असेल तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साधारण पावणेतीन टनांचा रेटा येतो. तीच माती वरपर्यंत पाण्याने भरली तर हा रेटा साडेपाच टनांच्या वर जातो, म्हणजे दुपटीहून अधिक. कोरड्या मातीच्या हिशेबाने बांधलेली भिंत आठ महिने दिमाखात उभी राहते आणि आषाढात जाते, त्याचे कारण हे. उपाय महाग नाही. भिंतीमागे खडीचा थर, आणि भिंतीतून चार-पाच फुटांवर तीन-चार इंची पाइपाची छिद्रे. परंतु छिद्रांतून येणारे पाणी रस्त्यावर दिसते, शेजारी तक्रार करतो, भिंतीला डाग पडतात, म्हणून लोक स्वतःच्या हाताने ती सिमेंटने बुजवतात! असे करणाऱ्यांत आमचे स्नेहीही आहेत. त्यांनी रागावू नये.

आता लोखंडाच्या वजनाकडे येऊ. ग्रे कापडाचे थान घेताना आपण भिंग लावून पिक मोजतो, थान काट्यावर चढवतो, दोन पिक कमी निघाले तर सौदा मोडतो. तेच आपण लाखाचे लोखंड डोळे मिटून उतरवून घेतो. बारा मिलिमीटरच्या बारा मीटर लांब गजाचे वजन सुमारे साडेदहा-पावणेअकरा किलो भरते. मानकात थोडी सूट आहे, पण तो नऊ किलो भरला तर तो बारा मिलिमीटरचा गज नव्हे. व्यासाचा मिलिमीटरमधला आकडा त्याच आकड्याने गुणून 162 ने भागला, की एक मीटरचे वजन किलोत मिळते. प्रत्येक गजावर मानक संस्थेची खूण आणि कंपनीचे नाव उठवलेले असते. बिनछापाचा गज परत पाठवावा. सूरह अल-मुतफ्फिफीन आपण लहानपणी मदरशात पाठ केलेली आहे. ती कमी मापून देणाऱ्यांबद्दल आहे. काट्यावर कमी तोलणारा निदान काट्यासमोर तरी असतो. भिंतीत कमी घालणारा ते काँक्रीटखाली गाडून मोकळा होतो, आणि त्याचा हिशेब खाली झोपलेला मजूर देतो. आमच्या मते जो मालक दर पाडून घेतो आणि काम पाहायला जात नाही, तोही या मापात भागीदार आहे.

भिवंडीला हे दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज पडू नये. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे पटेल कंपाउंडमध्ये जिलानी इमारत पडली, चाळीसच्या आसपास माणसे गेली. 29 एप्रिल 2023 ला वळपाड्याची गोदामाची इमारत पडली, आठ जण गेले. त्या इमारती होत्या, संरक्षक भिंती नव्हत्या, आणि त्यांची कारणे निराळी. पण दर वेळी आपण जनाजे उचलले, वर्गणी काढली आणि पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच रीतीने ठेका दिला.

विश्वस्त मंडळींना एक शब्द. कब्रस्तानात जागा अपुरी पडली की आत मातीचा भराव टाकून जमीन उंच करण्याची रीत आहे. भराव टाकला त्या दिवशी बाहेरची जुनी आवारभिंत संरक्षक भिंत होऊन बसली, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. ती त्या कामासाठी बांधलेलीच नव्हती, तिच्यात बहुधा लोखंडही नाही. मदरशांच्या आणि शाळांच्या मैदानांचेही असेच होते. भराव टाकण्यापूर्वी इंजिनियरला बोलवावे, त्याची फी द्यावी. फुकटात नकाशा काढून घेणे आणि मग "आपलाच मुलगा आहे" म्हणणे, ही सवय आपल्या समाजाने सोडावी.

गोदामवाल्या बांधवांना आमची विनंती एवढीच, की सेंट्रिंगची दुसरी फळी लागण्यापूर्वी स्वतः जाऊन उभे राहा आणि आमच्या भाच्याचा प्रश्न विचारा. इंजिनियरचा नकाशा हातात धरून गज मोजा, आवरणाचे ठोकळे पाहा, मोबाइलने फोटो काढून ठेवा. काँक्रीट भरतानाही तिथून हलू नका. गजांवर पाय देऊन मजूर ते सरकवतात.

आमच्या भिंतीचे गज सोडून पुन्हा बांधायला दोन दिवस आणि मिक्सरचे पैसे गेले. यंदाच्या पहिल्या मोठ्या पावसात छिद्रांतून आधी गढूळ पाणी आले, तासाभराने स्वच्छ. दोन छिद्रे मात्र कोरडीच राहिली. मागची खडी तिथे मातीने भरली असावी असा भाच्याचा संशय आहे. येत्या जुम्म्याच्या नमाजनंतर तो सळई घेऊन ती साफ करायला येणार आहे, आणि भिंतीखाली पत्रे लावून राहणाऱ्या दोन कुटुंबांना आम्ही तोपर्यंत गोदामात हलवले आहे.