मैफलीची रात्र

पुण्यामुंबईकडे अधूनमधून एक विलाप ऐकू येतो: रसिक संपला. गाणारे आहेत, सभागृहे आहेत, ध्वनिक्षेपणाची साधने पूर्वी कधी नव्हती इतकी उत्तम आहेत. नाही तो फक्त ऐकणारा. या विलापाला एक पोटविलापही जोडलेला असतो. तो असा की, शहराबाहेर तर रसिकतेचा प्रश्नच उद्भवत नाही. तिकडे चालते ती करमणूक! मी मुलचेऱ्यास राहतो. गेली पस्तीस वर्षे मिळेल त्या वाहनाने, मिळेल तेथे गाणे ऐकत हिंडलो आहे. त्या हिंडण्याच्या आधारावर मला एवढेच म्हणावयाचे आहे की, रसिक संपलेला नाही; त्याची रात्र काढून घेण्यात आली आहे, आणि ती काढून घेणारेच आज सुतक पाळीत बसले आहेत.

माझी पहिली मोठी मैफल पुण्याची. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशी यांनी 1953 साली सुरू केलेला महोत्सव त्या वेळी रात्रभर चाले. गडचिरोली जिल्ह्याच्या या टोकाहून एस. टी., मग आगगाडी, असा प्रवास करून मी तेथे पोहोचलो तो अंग अगदी आंबून गेले होते. घोंगडी पांघरून मागच्या रांगेत बसलो. मालकंस सुरू झाला तेव्हा रात्र खरोखरच मध्यावर आली होती, आणि ललत लागला तेव्हा मांडवाच्या कडेशी आकाश फटफटू लागले होते. शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी न बोलता आपल्या थर्मासमधला चहा माझ्यापुढे केला. पं. भातखंडे यांनी रागांचे जे वेळापत्रक ग्रंथात मांडले, ते मला पुस्तकातून कधीच नीट कळले नव्हते. त्या एका रात्रीत ते कळले. डोळ्यांतली झोप, अंगातली थंडी आणि कानातला कोमल ऋषभ यांची गाठ पडल्याशिवाय ते कळावयाचे नसते.

घरी परतलो त्याच हिवाळ्यात चामोर्शीकडच्या एका गावी शंकरपट होता. दिवसा बैलांच्या शर्यती, रात्री झाडीपट्टीचे नाटक. दहाच्या सुमारास पडदा उघडला तो कोंबडा आरवेपर्यंत मिटला नाही. बायाबापड्या, उशाशी झोपलेली पोरे, ऑर्गन, तबला; आणि पद रंगले की चारी बाजूंनी उठणारा ‘वन्समोअर’! नागपूरच्या एका सुशिक्षित मित्राने या प्रकाराला ‘गावठी’ म्हटले. मी त्यास विचारले, तुझे पणजोबा बालगंधर्वांचे नाटक कसे पाहत असत? ते रात्रभरच बसत ना? तेही ‘वन्समोअर’ देतच ना? 1880 साली किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून दोन पिढ्या मराठी माणसाने रात्रभर जागून नाट्यसंगीत ऐकले. शहराने ती जागरणे सोडली आणि नाटक अडीच तासांचे केले. वडशाच्या नाटक कंपन्यांनी ती अजून धरून ठेवली आहेत. तेव्हा गावंढळ कोण आणि वारसदार कोण, हे एकदा ठरवावयास हवे. या रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा अनेक नागर रसिकांना झाडीपट्टी नावाचे काही आहे, असा साक्षात्कार झाला!

आमच्या तालुक्यात आणखी एक श्रोता आहे, त्याची तर कोणीच गणना करीत नाही. 1960 नंतरच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली निर्वासितांची कुटुंबे या जंगलात वसविण्यात आली. त्यांच्या गावी अष्टप्रहर नामकीर्तन असते. खोल आणि करताल यांवर एक मेळा थकला की दुसरा उभा राहतो. नाम मध्ये तुटत नाही. मी प्रथम गेलो तेव्हा भाषा येत नव्हती. तरीही रात्री ज्या चालीवर नाम चालले होते ती पहाटे बदलली, हे माझ्या कानांनी ओळखले, आणि शेजारची म्हातारी त्याच क्षणी सावरून बसली. तिला रागाचे नाव ठाऊक नसेल. पण तिला वेळ कळली. हिला अरसिक म्हणावयाचे असेल तर मग त्या शब्दाचा अर्थच बदलून घ्यावा लागेल.

कोणी म्हणेल, हे सारे ठीक. पण कायद्याचे काय? सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचे ध्वनिवर्धक बंद केले. शासनाला वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देता येते, एवढेच. माझी या नियमाविषयी तक्रार नाही. आजाऱ्यास आणि अभ्यास करणाऱ्या पोरास झोप हवीच. किंबहुना आमच्याच नाटकांत हल्ली पेट्यांच्या भिंती रचून छाती दडपविणारा जो गोंगाट करतात आणि वादकांना बसवून ठेवून तयार ध्वनिमुद्रणावर नाच लावतात, त्याचा मला मनस्वी तिटकारा आहे. परंतु तोच नियम बंद सभागृहाला या बंदीतून वगळतो, हे कोणी का सांगत नाही? दार लावून, भिंतीबाहेर त्रास न होऊ देता, दोनशे माणसांनी पहाटेपर्यंत गाणे ऐकावे, यास त्या नियमाची हरकत नाही. दार कायद्याने लावलेले नाही. ते सभागृहाच्या भाडेपत्रकाने, प्रायोजकाच्या वेळेने आणि उद्याच्या कचेरीच्या धाकाने लावलेले आहे. ‘दिवाळी पहाट’ होते, हे मला माहीत आहे. पण रात्रभर झोपून, स्नान करून, नवे कपडे घालून भैरव ऐकावयास जाणे निराळे, आणि रात्र ओलांडून भैरवापर्यंत पोहोचणे निराळे.

दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात, एका बंद सभागृहात मी एका नामांकित गायिकेचे गाणे ऐकावयास गेलो. साडेसातला सुरुवात. दीप लावणे, सत्कार, शाली, प्रायोजकांची भाषणे यांत पाऊण तास गेला. पुढे बाईंनी बागेश्री घेतली. विलंबित नुकते आकार घेऊ लागले होते, मंद्रातून मध्यापर्यंत त्या आल्या होत्या, तोच कार्यकर्ता वाकून येऊन हातात चिठ्ठी देऊन गेला. त्यांनी ती वाचली, तंबोऱ्याकडे पाहिले, आणि द्रुत धरले. दहाला दहा मिनिटे कमी असताना भैरवी सुरू झाली. तिचा पहिला अंतरा संपण्यापूर्वी मागच्या रांगा उठू लागल्या. गाड्या काढावयास गर्दी होते म्हणून! दुसऱ्या दिवशीच्या परीक्षणात श्रोत्यांच्या अनास्थेविषयी खेद व्यक्त केलेला मी वाचला. चिठ्ठीचा उल्लेख त्यात नव्हता.