विम्याची शाई वाळण्यापूर्वी

१ एप्रिल २०२१ पासून देशातील सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही घरविम्याची प्रमाण पॉलिसी देणे बंधनकारक झाले. १६ मे रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गचा किनारा झोडपीत उत्तरेकडे गेले. मालवण-देवगडची दैना झालीच, पण आत कणकवली तालुक्यातही घरांची पडझड झाली. या दोन तारखांत अंतर जेमतेम दीड महिन्याचे. तेवढ्या काळात नांदगावच्या एखाद्या कुटुंबाने घरातील सामानाचा विमा उतरवून भरपाई मागितली असती, तर त्याला पहिला प्रश्न ठरलेला होता: विमा इतक्यातच कसा काढला?

प्रश्न अगदीच गैर नाही. वादळाचा इशारा ऐकून विमा काढणारे आणि मोडके सामान दाखवून पैसे उकळणारेही असतात. तारीख आणि वेळ तपासण्याचा कंपनीचा अधिकार कोणी नाकारीत नाही. परंतु तपास वेगळा आणि संशयालाच निकाल मानणे वेगळे. १९३८ च्या विमा कायद्याचे कलम ६४ व्हीबी सांगते की, हप्ता हाती आल्याखेरीज कंपनीने जोखीम पत्करू नये. याचीच दुसरी बाजू अशी की, हप्ता स्वीकारून मुदत सुरू झाली की पहिला दिवस आणि तीनशेवा दिवस सारखेच. आरोग्यविम्यात आरंभीचे ३० दिवस वगळलेले असतात, ते पॉलिसीत तसे लिहिलेले असते म्हणून. घरविम्यात न लिहिलेली अट कचेरीतील कोणी तोंडी घालू शकत नाही. आणि लबाडीचा आरोप असेल तर तो सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्या कंपनीची आहे.

खरी अडचण पुराव्याची आहे. कारखानदाराकडे मालाची नोंदवही असते. कोकणातल्या घरात आजीच्या वेळचा तांब्याचा हंडा असतो, मुंबईच्या चाकरमान्याने धाडलेला टीव्ही असतो, लग्नात आलेला मिक्सर असतो. याच्या पावत्या कोणी जपल्या? या पॉलिसीत इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये, इतके सामानाचे संरक्षण आपोआप मिळते. दागिन्यांसाठी मात्र वेगळी तरतूद करावी लागते. कागदपत्रे नाहीत एवढ्याच कारणाने दावा फेटाळू नये, असे विमा नियामकाने २०२४ मध्ये बजावले. ही गोष्ट गावातील किती विमाधारकांच्या कानी गेली आहे?

शासकीय मदतीवर विसंबावे तर तिचे मोजमाप पाहावे. २०२२ ते २०२६ साठी ठरलेल्या आपत्ती निकषांत घर वाहून गेलेल्या कुटुंबाला कपड्यांसाठी २,५०० आणि भांडीकुंडी व इतर सामानासाठी २,५०० रुपये आहेत! एवढ्यात संसार पुन्हा कसा उभा राहायचा, हे निकष ठरवणाऱ्यांनाच ठाऊक. १९७३ मध्ये १०७ विमा संस्था एकत्र करून चार सरकारी कंपन्या उभारल्या गेल्या, त्या सामान्य माणसापर्यंत विमा पोहोचावा म्हणूनही. तरी गावात विमा म्हटला की आजही जीवनविमा किंवा मोटारसायकलचा विमाच डोळ्यांपुढे येतो.

बंद घरांचा प्रश्न आणखी बिकट आहे. अग्निविम्याच्या जुन्या प्रमाण पॉलिसीत ३० दिवसांहून अधिक काळ रिकाम्या राहिलेल्या इमारतीचे संरक्षण थांबण्याची अट होती, म्हणून आपल्या पॉलिसीत याविषयी काय लिहिले आहे ते आधी पाहावे. 'गृह रक्षा'त चोरीही केवळ वादळ, आग अशा आपत्तीनंतरच्या सात दिवसांतलीच धरली जाते. एरवीच्या घरफोडीसाठी निराळा विमा लागतो.

मे महिन्यात चाकरमानी गावी असतात. कार्यकर्त्यांनी तेव्हाच घरोघरी खोल्यांची तारखेसह छायाचित्रे काढवून घ्यावीत, सामानाची यादी करवावी आणि हप्त्याची पावती जपून ठेवण्यास सांगावे. नुकसान झाल्यास कंपनीला ताबडतोब कळवून तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत घ्यावी. नकार आला तर तो लेखीच मागावा. कंपनीकडे केलेल्या तक्रारीला महिनाभरात उत्तर न आल्यास, किंवा आलेले उत्तर न पटल्यास, वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.