विश्लेषण : जन्म कॅलिफोर्नियाचा, जर्सी फिलिपाइन्सची... सरिना बोल्डनला ‘उसनी’ खेळाडू म्हणावे का?

२५ जुलै २०२३. महिला फुटबॉल विश्वचषकात वेलिंग्टनला यजमान न्यूझीलंडसमोर फिलिपाइन्सचा संघ उभा होता. २४व्या मिनिटाला डावीकडे-उजवीकडे फिरलेला चेंडू गोलसमोर आला आणि सरिना बोल्डनने हेडरवर तो जाळ्यात धाडला. पुरुष असोत वा महिला, विश्वचषकातील फिलिपाइन्सचा हा पहिलाच गोल. सामना १-० असा संपला आणि देशाला विश्वचषकातील पहिला विजयही मिळाला. पण गोल करणारी बोल्डन अमेरिकेत जन्मलेली, तिला पास देणारी सारा एगेस्विक नॉर्वेत जन्मलेली आणि अखेरच्या मिनिटांत गोल वाचवणारी ऑलिव्हिया मॅकडॅनियलही अमेरिकेचीच. त्या संघातील २३ पैकी १८ खेळाडूंचा जन्म अमेरिकेतला होता. मग हा विजय नेमका कोणाचा? या प्रश्नाचे उत्तर भारतासाठीही महत्त्वाचे आहे. कारण या संघाने विश्वचषकाचे तिकीट मिळवले ते पुण्यात.

कोण आहे सरिना बोल्डन?

बोल्डनचा जन्म ३० जून १९९६ रोजी कॅलिफोर्नियात झाला. आई फिलिपिनो, वडील आफ्रिकन-अमेरिकन. लॉस एंजेलिसमधील लोयोला मेरीमाउंट विद्यापीठाकडून ती चार हंगाम खेळली. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचे दार तिच्यासाठी कधी उघडले नाही. त्यात नवल नाही. तिथे एकेका जागेसाठी शेकडो गुणी मुली रांगेत असतात. २०१८ मध्ये ती आईच्या देशाकडून खेळू लागली. त्याच वर्षीच्या आशियाई चषकात फिलिपाइन्सचा संघ विश्वचषकापासून एका विजयाच्या अंतरावर पोहोचला होता. पण पाचव्या स्थानाच्या लढतीत दक्षिण कोरियाने त्याला ५-० असे हरवले.

त्यानंतरचा तिचा प्रवास जगभरचा आहे. जपानमधील चिफुरे एएस एल्फेन सैतामा, ऑस्ट्रेलियात वेस्टर्न सिडनी वाँडरर्स आणि न्यूकॅसल जेट्स, मग इटलीतील कोमो. राहायचे एका देशात, खेळायचे दुसऱ्यासाठी आणि घर तिसरीकडे, हीच तिची कारकीर्द. पुरुष फुटबॉलमध्ये अशा भटकंतीच्या मागे बहुधा मोठा पैसा असतो. महिला फुटबॉलमध्ये व्यावसायिक म्हणून टिकून राहायचे असेल तर अनेकींना ती करावीच लागते.

पुण्यात काय घडले?

जानेवारी २०२२ मध्ये महिला आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. फिलिपाइन्सने थायलंडला १-० असे हरवून सुरुवात केली. ३० जानेवारीला बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात चायनीज तैपेईविरुद्ध उपांत्यपूर्व सामना होता. जिंकणारा संघ थेट विश्वचषकात जाणार होता. अतिरिक्त वेळेनंतरही १-१ अशी बरोबरी राहिली. पेनल्टी शूटआऊटमध्ये गोलरक्षक मॅकडॅनियलने तैपेईच्या किक अडवल्या, शिवाय स्वतः पेनल्टी घेऊन गोलही केला. शेवटची निर्णायक किक बोल्डनची होती. ती जाळ्यात गेली आणि फिलिपाइन्स ४-३ अशा फरकाने विश्वचषकात पोहोचला.

याच स्पर्धेत यजमान भारताचे काय झाले, हेही आठवायला हवे. इराणविरुद्ध गोलशून्य बरोबरीनंतर संघात करोनाचा शिरकाव झाला. २३ जानेवारीला तैपेईविरुद्ध मैदानात उतरायला भारताकडे किमान १३ खेळाडूही नव्हत्या. संघ स्पर्धेबाहेर गेला आणि घरच्या मैदानावर विश्वचषक गाठण्याची संधी हातची गेली. तिथून सातच दिवसांत, त्याच तैपेईला हरवून दुसऱ्या देशाने महाराष्ट्राच्या भूमीवर इतिहास घडवला.

फिफाचा नियम काय सांगतो?

फिफाच्या नियमांचा पाया नागरिकत्व हा आहे. एखाद्या देशाकडून खेळायचे तर त्या देशाचे कायमस्वरूपी नागरिकत्व हवे आणि ते केवळ तिथल्या वास्तव्यावर अवलंबून नसावे. पुढे काही परिस्थितींत खेळाडूचा स्वतःचा, आई-वडिलांचा किंवा आजी-आजोबांचा जन्म त्या देशात झाला आहे का, हेही पाहिले जाते. संघ बदलण्याची मुभाही २०२० नंतर थोडी सैल झाली. वयाच्या २१ वर्षांपूर्वी वरिष्ठ संघाकडून जास्तीत जास्त तीन सामने खेळलेली आणि विश्वचषकाच्या किंवा खंडीय स्पर्धेच्या मुख्य फेरीत न उतरलेली खेळाडू तीन वर्षांनंतर दुसऱ्या देशाची निवड करू शकते.

फिलिपाइन्सच्या राज्यघटनेनुसार आई किंवा वडील, दोघांपैकी एक जण फिलिपिनो नागरिक असेल तर अपत्यही नागरिक ठरते. परदेशी नागरिकत्व घेतल्यामुळे मूळ नागरिकत्व गमावलेल्यांना ते परत मिळवण्याची सोय २००३ च्या कायद्याने केली. म्हणजे बोल्डनसारख्या खेळाडूंसाठी कोणी आडवाट काढलेली नाही. लाखो फिलिपिनो परिचारिका, खलाशी आणि घरकामगार परदेशी राबतात. त्यांची नाळ तुटू नये, ही त्या देशाची जुनी गरज आहे. फुटबॉल संघाला तिचा फायदा झाला इतकेच.

याउलट उदाहरण मलेशियाच्या पुरुष संघाचे. आजी-आजोबांच्या जन्माची खोटी कागदपत्रे वापरल्याच्या प्रकरणात फिफाने सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या महासंघावर आणि सात खेळाडूंवर कारवाई केली. खरे नाते आणि कागदावर रचलेले नाते यांत फरक आहे. बोल्डनच्या बाबतीत या फरकाचा विसर पडता कामा नये.

अमेरिकेतच इतक्या खेळाडू का घडतात?

याचे मूळ १९७२ च्या एका कायद्यात आहे. ‘टायटल नाइन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने, सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांमध्ये लिंगभेदाला बंदी घातली. महाविद्यालयांना मुलींच्या संघांवरही खर्च करावा लागला. आज तिथे पहिल्या श्रेणीतील तीनशेहून अधिक विद्यापीठांत मुलींचे फुटबॉल संघ आहेत. दर वर्षी हजारो प्रशिक्षित खेळाडू तयार होतात आणि राष्ट्रीय संघात जागा मिळते ती मोजक्या जणींना. दुसरीकडे अमेरिकेत फिलिपिनो वंशाचे ४० लाखांहून अधिक लोक राहतात. ही दोन वर्तुळे जिथे एकमेकांना छेदतात, तिथे बोल्डन, मॅकडॅनियल आणि त्यांच्या सहकारी सापडतात.

मात्र नुसते वंशाचे नाते सापडून संघ बनत नाही. आशियाई चषकाआधी या संघाचे दीर्घ शिबीर कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथे झाले. ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाला घडवलेला प्रशिक्षक आणला गेला. संघ व्यवस्थापक जेफरसन चेंग यांनी मोठे आर्थिक पाठबळ दिले. गुणवत्ता अमेरिकेतून आली, पण तिला संघाचे रूप देण्यासाठी पैसा आणि वेळ फिलिपाइन्सच्या बाजूने खर्च झाला. जुलै २०२२ मध्ये मनिलात थायलंडला ३-० ने हरवून आग्नेय आशियाई विजेतेपद आले ते याच तयारीच्या जोरावर.

‘उसन्या’ खेळाडू हा आक्षेप कितपत खरा?

आक्षेप दोन आहेत आणि त्यांची सरमिसळ होते. पहिला खेळाडूवरचा : ही मुलगी खरी फिलिपिनो नाही. तो अन्यायकारक आहे. आईचे नाते वडिलांच्या नात्यापेक्षा किंवा जन्मगावापेक्षा कमी का मानायचे? मुंबईत वाढलेल्या मालवणी माणसाला ‘तू कोकणातला कसा’ असे आपण विचारत नाही. दोन घरांची माणसे दोन्हीकडची असू शकतात. खेळाच्या नियमामुळे त्यांना जर्सी एकच निवडावी लागते.

दुसरा आक्षेप महासंघावरचा आहे आणि तो गंभीर आहे. बाहेरून तयार खेळाडू मिळू लागल्या तर मनिला, इलोइलो किंवा दावाओच्या मुलींसाठी मैदाने कोण बांधणार? इना पालासिओस हे या प्रश्नाचे जिवंत उदाहरण. फिलिपाइन्समध्येच घडलेली ही गोलरक्षक संघाला कोणी विचारत नव्हते तेव्हापासून खेळत होती. विश्वचषकात मात्र गोलसमोर तिन्ही सामन्यांत मॅकडॅनियल उभी राहिली. निवड गुणवत्तेची होती, त्यात वावगे काही नाही. तरीही पुढच्या दहा वर्षांत एकही पालासिओस मुख्य संघात दिसली नाही, तर विजयाचा हा मार्ग पोकळ ठरेल. परदेशी वाढलेली पिढी दार उघडून देते. आत घर बांधायचे काम देशालाच करावे लागते.

भारताला हा मार्ग बंद आहे का?

भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारले की भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. परदेशात जन्मलेल्या आणि वंशाने भारतीय नागरिक असलेल्या मुलाकडे दुसऱ्या देशाचेही नागरिकत्व असेल, तर सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांत ते सोडावे लागते. ‘ओसीआय’ कार्ड व्हिसाची कटकट वाचवते, पण ते नागरिकत्व नव्हे. २००८ पासून केंद्रीय क्रीडा मंत्रालयाचे धोरणही स्पष्ट आहे : भारताकडून फक्त भारतीय नागरिक खेळतील. अनेकदा चर्चेत केवळ या धोरणावर बोट ठेवले जाते. पण ते उद्या बदलले तरी फिफाची नागरिकत्वाची अट उरतेच. त्यामुळे ‘ओसीआयना खेळू द्या’ ही मागणी ऐकायला सोपी असली तरी फुटबॉलमध्ये तेवढ्याने भागत नाही.

एक चिंचोळी वाट मात्र आहे. पाच वर्षे ओसीआय कार्डधारक असलेली आणि अर्जापूर्वी वर्षभर भारतात राहिलेली व्यक्ती नागरिकत्व मागू शकते. त्यासाठी परदेशी नागरिकत्व सोडावे लागते. पुणे एफसीकडून खेळलेल्या अराता इझुमीने जपानी नागरिकत्व सोडले आणि २०१३ मध्ये तो भारताकडून खेळला. त्याचे वडील भारतीय, आई जपानी. मुंबईत जन्मलेल्या अँग्लो-इंडियन आईचा मुलगा रायन विल्यम्स ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून २०२५ मध्ये भारतीय झाला.

दोघेही पुरुष आहेत, हा योगायोग नाही. भारतात राहून व्यावसायिक फुटबॉल खेळण्याइतकी कमाई पुरुषांच्या क्लबांत होती. २०१६-१७ मध्ये सुरू झालेल्या इंडियन वुमेन्स लीगचा हंगाम काही महिन्यांत संपतो. २२ वर्षांच्या एखाद्या भारतीय वंशाच्या मुलीने अमेरिकेचा किंवा ब्रिटनचा पासपोर्ट सोडायचा, उमेदीचे एक वर्ष इथे काढायचे, तर त्या वर्षात तिने खेळायचे कुठे आणि पोट भरायचे कसे? दुखापत झाली तर परतायचे कुठे? फिलिपाइन्सने बोल्डनकडून खेळ मागितला. भारत अशा मुलीकडून तिचे दुसरे घरच मागतो.

मग भारताने काय करावे?

वंशाच्या आधारे खेळाडू शोधायचे म्हटले तर भारताकडे संख्या कमी नाही. अमेरिकेतील भारतीय वंशाच्या लोकांची संख्या ५० लाखांच्या आसपास आहे. ऑस्ट्रेलियाची कर्णधार राहिलेली, जगातील अव्वल आघाडीपटूंपैकी एक सॅम कर हिच्या वडिलांचा जन्म कोलकात्याचा. अर्थात ती ऑस्ट्रेलियात जन्मली, वाढली आणि त्याच देशाची झाली, हे योग्यच आहे. तिच्यावर हक्क सांगण्याची गरज नाही. नागरिकत्व कायद्यात खेळाडूंसाठी मर्यादित सवलत द्यायची का, यावर संसदेत मोकळी चर्चा मात्र व्हायला हवी. पूर्ण दुहेरी नागरिकत्वाला सुरक्षेपासून मतदानापर्यंत अनेक बाजू आहेत. तो निर्णय एका फुटबॉल स्पर्धेसाठी घाईने होऊ नये.

पण कायदा बदलेपर्यंत हातावर हात धरून बसायचे कारण नाही. ५ जुलै २०२५ रोजी चियांग माई येथे भारतीय महिलांनी थायलंडला २-१ असे हरवून आशियाई चषकाची पात्रता मैदानावर मिळवली. दोन्ही गोल पश्चिम बंगालच्या संगीता बासफोरचे. त्या संघात परदेशी वाढलेल्या खेळाडूंची रांग नव्हती. या मुलींना वर्षभर चालणारी लीग, वेळेवर मिळणारे मानधन आणि शाळा-महाविद्यालयांत मैदान मिळाले, तर त्याचा लाभ आधी त्यांना होईल. मग एखादी बोल्डनही इथे वर्षभर राहण्याचा विचार करू शकेल. लीग बळकट नसेल तर पासपोर्टचा कायदा बदलूनही कोणी येणार नाही.

बोल्डनच्या कारकिर्दीतून भारताने घ्यायचा धडा ‘बाहेरून खेळाडू आणा’ एवढा सोपा नाही. तिचा खेळ घडला तो मुलींच्या मैदानावर सक्तीने खर्च करायला लावणाऱ्या एका अमेरिकी कायद्यामुळे. तो खेळ विश्वचषकात दिसला, कारण आईच्या देशाने तिच्यावर संशय न घेता तिला जर्सी दिली आणि तयारीसाठी पैसा दिला. यातील पासपोर्टचा भाग दिल्लीत अडकलेला आहे. मुलींच्या मैदानाचा भाग मात्र प्रत्येक राज्याच्या, प्रत्येक जिल्हा संघटनेच्या हातात आहे आणि त्यासाठी कोणताही कायदा बदलावा लागत नाही.