तेरा तासांचे एक निरीक्षण

विद्यार्थी मित्रहो, लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाची किंमत ९८० ऐवजी ९४० आली, तर तुम्ही काय करता? खरे सांगा! बरेच जण खोडरबर काढतात. 'बरोबर' उत्तर आधी लिहायचे आणि त्याला जुळतील अशी निरीक्षणे मागाहून भरायची, ही आपल्या प्रयोगशाळांतली जुनी खोड आहे. ती का सोडावी, हे पटावे म्हणून एका प्रयोगाची हकिकत सांगतो.

प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक चिमुकला चुंबक असतो. त्याच्या या गुणधर्माला परिवलन म्हणतात. नेहमीच्या अनुस्पंदन उपकरणाला संदेश मिळण्यासाठी असे कोट्यवधी इलेक्ट्रॉन एकदम लागतात. मग एकटा इलेक्ट्रॉन कसा ओळखावा? १९९१ मध्ये अमेरिकेतील जॉन सिडल्स यांनी सुचविले, की त्याचे चुंबकीय बलच मोजावे.

२००४ मध्ये कॅलिफोर्नियातील आय.बी.एम.च्या अल्माडेन प्रयोगशाळेत डॅनियल रुगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते करून दाखविले. सिलिकॉनची, केसाहून कितीतरी पातळ पट्टी एका टोकाला पक्की बसवली आणि दुसऱ्या टोकाला इवलासा चुंबक लावला. खाली सिलिकेचा नमुना ठेवला. त्यात एकाकी इलेक्ट्रॉन दूरदूर विखुरलेले होते. पट्टी हेलकावे घेऊ लागली, की सूक्ष्मतरंगांच्या मदतीने इलेक्ट्रॉनचे परिवलन तिच्याच तालावर उलटसुलट होई आणि पट्टीची कंपनसंख्या किंचित बदले.

किंचित म्हणजे किती? शंभर ग्रॅमचे वजन हातावर ठेवा. ते साधारण एक न्यूटन बल झाले. त्याच्या अब्जाव्या भागाचा पुन्हा अब्जावा भाग घ्या. असे दोनच भाग, एवढे ते बल होते! उष्णतेने पट्टी स्वतःच थरथरते, म्हणून सारे उपकरण निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या १.६ अंशांपर्यंत थंड केले होते. तरीही गोंगाटच संदेशापेक्षा मोठा होता. म्हणून एकेका बिंदूपाशी सुमारे १३ तास निरीक्षणे घेऊन त्यांची सरासरी काढावी लागली.

सरासरीने काय साधते? गोंगाट कधी अधिक, कधी उणा असतो. तो एकमेकांत जिरतो. संदेश मात्र टिकतो. निरीक्षणे शंभरपट केली, तर गोंगाट दहापट घटतो. पण अट एकच: प्रत्येक निरीक्षण जसे आले तसे नोंदले पाहिजे. आवडती ठेवली आणि नावडती खोडली, तर सरासरीत उमटते ती आपलीच इच्छा.

सरासरी म्हणजे रामबाण उपाय नव्हे. दोऱ्याची लांबीच चुकीची मोजली, तर हजार निरीक्षणेही ती चूक झाकणार नाहीत. म्हणूनच त्या शास्त्रज्ञांनी बाहेरचे चुंबकीय क्षेत्र बदलून पाहिले. खुणेची जागा अपेक्षेप्रमाणे सरकली, तेव्हा खात्री पटली.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की गुण ९८० या आकड्याला देऊ नका. प्रामाणिक नोंदीला द्या, आणि ९४० का आले याच्या शोधाला द्या. आणि मित्रहो, पुढच्या तासाला खोडरबर घरीच ठेवून या!