घरातला आदेश आणि कलेक्टर कचेरीतला परवाना

वर्धा जिल्ह्यात बोर व्याघ्र प्रकल्पाच्या कडेच्या शिवारांत तूर-हरभरा राखायचा तर रात्रभर जागल करावी लागते. रानडुकरांचा किंवा रोह्यांचा कळप एका रात्रीत हाताशी आलेले पीक आडवे करतो. 1959 च्या शस्त्र कायद्याने ही गरज ओळखली आहे. पीकसंरक्षणाची गरज खरी असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असे कलम 13 सांगते. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारू नये, असे कलम 14 बजावते. (डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते, ती वेगळीच.) 1878 च्या इंग्रजी कायद्यात माणसाचा वंश आणि दर्जा पाहिला जाई. गांधीजी याच जिल्ह्यातल्या सेवाग्रामला आले 1936 मध्ये. त्याआधी, 1930 साली, त्यांनी सरकारपुढे मांडलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवान्याची मागणी होती, आणि तिला लोकनियंत्रणाची अटही होती. ती अट मला मागणीइतकीच महत्त्वाची वाटते.

आज हे नियंत्रण मुख्यतः कलम 9 मध्ये आहे. एकवीस वर्षांखालील व्यक्ती, हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद भोगून पाच वर्षे न झालेला माणूस, शांतता राखण्याचा बंधपत्र-आदेश झालेला माणूस, यांना बंदूक घेता येत नाही. माहीत असताना त्यांना ती देणेही गुन्हा आहे. मात्र 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ज्याच्याविरुद्ध संरक्षण आदेश निघाला, तो या यादीत नाही. त्या कायद्याच्या कलम 24 नुसार आदेशाची प्रत पोलिस ठाण्याला जाते. परवाना देणाऱ्या जिल्हादंडाधिकाऱ्यांचा तिथे उल्लेख नाही. 2019 च्या दुरुस्तीने बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, पण परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. म्हणजे नूतनीकरणाच्या वेळची तपासणीही लांबली. बायकोला मारहाण केल्याचे प्रथमदर्शनी न्यायालयाला पटले, तरी नवऱ्याची बंदूक त्याच घरात राहू शकते.

गुन्हा सिद्ध झाला नसताना परवाना का काढायचा, असा आक्षेप येईल. पण शांततेचे बंधपत्र घेण्याच्या (पूर्वीच्या एकशे सातच्या) कारवाईत तरी कुठे गुन्हा सिद्ध होतो? बंधपत्राची मुदत असेपर्यंत शस्त्रबंदी, हे तत्त्व कायद्याने केव्हाच मान्य केले आहे. रस्त्यावरच्या शांततेसाठी ते चालते, मग चार भिंतींआड का चालू नये? अमेरिकेत शस्त्र बाळगणे हा घटनादत्त हक्क. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही जून 2024 मध्ये कौटुंबिक हिंसाचाराच्या आदेशाखालच्या माणसावरची शस्त्रबंदी 8 विरुद्ध 1 मताने उचलून धरली. आपल्याकडे तर शस्त्र बाळगणे ही निव्वळ परवानगीची बाब आहे. अंतरिम आदेश घाईत निघू शकतो, ही शंका रास्त आहे. म्हणून तेवढ्या काळात बंदूक फक्त जमा करावी, परवाना रद्द करू नये. आणि पीक? त्याची भरपाई वनखात्याकडून मागता येते, अपुरी असली तरी. जीव गेल्यावर मागायचे ते काय?

संसदेने शस्त्र कायद्याच्या कलम 9 मध्ये ही भर घालावीच. तोवर कलम 17 आहे: परवानाधारक कोणत्याही कारणाने अपात्र वाटला, तर जिल्हादंडाधिकारी परवाना निलंबित करू शकतात. त्यासाठी वर्ध्यातल्या प्रत्येक ठाण्याने संरक्षण आदेशाची प्रत परवाना शाखेकडे त्याच दिवशी धाडावी, एवढे एक परिपत्रक पुरेसे आहे.