एका वादळात सगळी वाडी जाऊ नये

मैत्रिणींनो, लांब पल्ल्याची गुंतवणूक म्हटलं की आपल्याला मुंबईतले शेअरवाले आठवतात. खरं तर आमच्या रेवदंडा-चौलच्या वाडीवाल्या बायकांना हा विषय कोणी शिकवायला नको. पोफळीचं रोप लावलं की पाच-सात वर्षं नुसतं शिंपणं, सुपारी नंतर. मुळं किती वाढली ते बघायला मध्येच कोणी रोप उपटत नाही. पैशाच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो. दोन वर्षं झाली नाहीत तोच आरडी मोडून बांगड्या करतो!

जरा हिशेब बघा. हिशेबापुरता 8 टक्के व्याजदर धरू. महिन्याला 1000 रुपये 20 वर्षं भरले तर आपले जातात 2 लाख 40 हजार आणि हाती येतात सुमारे 5 लाख 89 हजार. तेच दहा वर्षं उशिरा सुरू केलं तर मिळतात जेमतेम 1 लाख 83 हजार. व्याजावर व्याज चढायला वेळच उरत नाही. ‘मुलांची शिक्षणं होऊ देत, मग बघू’ म्हणणाऱ्यांनी हे आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवावेत.

पण नुसती चिकाटी पुरत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आलं आणि वर्षानुवर्षं जपलेल्या पोफळी नि माड दुपारभरात आडवे झाले. ज्यांचं सगळं वाडीतच होतं, त्यांना पुन्हा रोपापासून सुरुवात करावी लागली. त्याच वर्षी शेअर बाजारही कोसळला होता. जानेवारीत 42 हजारांच्या घरात असलेला सेन्सेक्स 23 मार्चला 26 हजारांच्या खाली आला. पुढच्या जानेवारीत मात्र तो 50 हजारांना शिवला. थांबता आलं त्यांचं भरून निघालं. लॉकडाऊनमध्ये किराण्यासाठी ज्यांना पडत्या भावात विकावं लागलं, त्यांचा तोटा मात्र कायमचा झाला. म्हणून आधी सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत बाजूला ठेवायचा आणि मगच म्युच्युअल फंडाची एसआयपी. हा क्रम एजंट सहसा सांगत नाही. घरखर्चाच्या पैशावर त्याला कमिशन कुठलं?

आपल्या जिल्ह्यात पैशाचं वादळ त्याआधीच येऊन गेलं होतं. सप्टेंबर 2010 मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध घातले. पासबुकात रक्कम दिसत होती, काढता येत नव्हती. निवृत्तीचे, लग्नाचे, आजारपणाचे पैसे अडकले. तेव्हा ठेवीवरचा विमा 1 लाखाचा होता. फेब्रुवारी 2020 पासून तो एका बँकेत एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज धरून, 5 लाखांपर्यंत आहे. सहकारी बँकांनाही तो लागू आहे, पण पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. भिशीला तर नाहीच. आपण मात्र दीड टक्का जास्त व्याज मिळतं आणि ‘अहो, संचालक ओळखीचे आहेत’ म्हणून सगळी पुंजी पतसंस्थेत नेऊन ठेवतो. पतसंस्था वाईटच असते असं नाही हं. पण त्यात थोडेच पैसे असावेत, गेले तरी चूल विझणार नाही इतकेच.

आणि पोस्टातलं पीपीएफ विसरू नका. वर्षाला 500 रुपये भरले तरी खातं चालू राहतं, मुदत 15 वर्षांची आणि हमी सरकारची. व्याजदर सरकार बदलत असतं, तेवढं लक्षात ठेवा. खातं मात्र स्वतःच्या नावाने उघडा. या रविवारी कपाटातली सगळी पासबुकं बाहेर काढा. कुठलं बँकेचं, कुठलं पतसंस्थेचं, कुठलं पोस्टाचं ते वेगळं करा. मग प्रत्येकावर नाव कोणाचं आहे आणि वारस म्हणून कोणाला नेमलंय, ते वाचा.